धर आणि सोड

१

त्या दिवशी हवा अशी पडली होती की दोरीवरचे कपडेसुद्धा हलत नव्हते. आभाळ सकाळपासून राखाडी. ऊन नाही, पाऊस नाही, नुसतं झाकण घातल्यासारखं. उन्हात पत्रा तापतो, आपला आपण टकटक वाजतो, आणि कामात असलेल्या माणसाला उगाच वाटतं की कोणी बोलावतंय. त्या दिवशी ऊन नव्हतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मी स्वतःला बऱ्याचदा समजावलं की पत्रा तापला असेल.

शनिवार होता. दुसऱ्या दिवशी लेक होडी न्यायला येणार होती. ती पाणी तपासणाऱ्या खात्यात आहे. मोठ्या तलावात मध्यापर्यंत जायचं, बाटल्या भरायच्या, परत यायचं, हे तिचं काम. खात्याची होडी नादुरुस्त, म्हणून तिनं एका बंद पडलेल्या बोट क्लबातून ही ॲल्युमिनियमची जुनी होडी उचलून आणली होती. लांब, अरुंद, दोन्ही टोकं सारखीच निमुळती. कितीतरी वर्षं गवतात पालथी पडलेली.

"हिला होडी नाही म्हणत बाबा, कनू म्हणतात," ती म्हणाली होती.

"कनू? हे तर कुणाच्या तरी शेंडेफळाचं नाव वाटतं."

"काहीही म्हणा, पण गळायला नको. मी एकटी असते तिथं. आणि मधे तळ लागत नाही."

बापाला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

तीन आठवडे मी तिच्यामागं होतो. पोचे आतून लाकडी हातोडीनं काढले. बसायच्या फळ्या कुजलेल्या, त्या नव्या केल्या. गुडघे टेकायला जाड रबर चिकटवलं, बाटल्यांची पेटी अडकवायला कड्या बसवल्या, दोन्ही टोकांत तरंगायचा फोम भरला. मग गळती शोधली. त्याची आमची रीत सोपी आहे. होडी लाकडी घोड्यांच्या टेकूवर सुलटी ठेवायची, आत पाणी भरायचं, आणि बाहेरून बघत बसायचं. जिथं थेंब धरेल तिथं खडूनं गोल करायचा. एकतीस गोल झाले. एकतीस रिबिटं सैल होती. ती सगळी भोकं पाडून काढली आणि नवी ठोकायची ठरवली.

आता रिबिट ठोकणं हे एकट्याचं काम नाही, एवढं समजून घ्या. रिबिट म्हणजे बिनआट्यांचा खिळा. बाहेरून डोक्यावर हातोडा पडतो तेव्हा आतून त्याच्या शेपटीला कोणीतरी लोखंडी ठोकळा टेकवून धरायचा असतो. तेव्हा ती शेपटी चेपते, बटणासारखी पसरते, आणि पत्रा पकडते. आतून धरणारा नसेल तर रिबिट नुसतं आत सरकतं. हजार वेळा ठोका, बसणार नाही.

चाळीस वर्षं आमची ही आतून धरायची. पाण्याच्या टाक्या, धान्याच्या कोठ्या, सगळ्यांच्या पोटात ती आणि बाहेर मी. ठोकाठोकीत बोलणं ऐकू येत नाही, म्हणून खुणा ठरलेल्या. मी म्हणायचं "धर". आतून एक टकटक म्हणजे धरलं. दोन म्हणजे बसलं, पुढं चल. आणि काम संपलं की मी म्हणायचं "सोड". ते म्हटल्याशिवाय ती हात काढायची नाही. तिला नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. या दोन शब्दांत आमचं भागलं.

ती जाऊन चार वर्षं झाली. आता धरायला शेजारचे कंपाउंडर येतात. दवाखान्यातून निवृत्त झालेत, हात अजून स्थिर आहेत, तोंड मात्र नाही.

२

कंपाउंडर तीनला येतो म्हणाले होते. मी होडी पालथी केली आणि बुटक्या घोड्यांवर ठेवली. काठ माझ्या गुडघ्याशी आले. आत एक छोटं स्टूल सरकवून ठेवलं. आत बसलेला माणूस बाहेरून दिसत नाही. वाकलं तर दिसेल, पण हातात हातोडा असलेला माणूस कशाला वाकेल.

मी होडीकडं पाठ करून बाकावर रिबिटं निवडत होतो. मागं स्टूल करकरलं.

"आलात का?" मी म्हणालो. "आज वेळेवर. सूर्य कुठून उगवला बघायला पाहिजे, दिसत तर नाहीये."

उत्तर आलं नाही. त्यांना पालथ्या होडीत घुसताना दम लागतो, म्हणून मी वाट पाहिली. मग पहिलं रिबिट भोकात घातलं आणि म्हणालो, "धर."

टक.

हातोडा मारला. चार ठोक्यांत डोकं पत्र्याला घट्ट चिकटलं. बोटानं चाचपून पाहिलं, केस जाईल एवढीही फट नाही.

टक टक.

असं आमचं सुरू झालं. आता खरं सांगतो, कंपाउंडरांबरोबर काम म्हणजे दर तिसऱ्या रिबिटाला थांबायचं. ठोकळा सरकतो, ते "एक मिनिट, एक मिनिट" म्हणतात, मग पाठ दुखते, मग कुणाच्या तरी आजाराची गोष्ट निघते. त्या दुपारी काही नाही. मी "धर" म्हणायच्या आत टक व्हायला लागलं. पुढच्या भोकाशी मी पोहोचायचो तर आतला हात तिथं आधीच पोहोचलेला.

मधे मी विचारलं, "काय कंपाउंडर, आज गोष्टी संपल्या?"

टक टक. पुढं चल.

मला हसू आलं. माझे हात किती वर्षांनी असे मोकळे चालत होते. घामसुद्धा आला नव्हता. होडीच्या जवळ गार होतं, सावलीत विहिरीच्या काठाला असतं तसं. तेव्हा ते बरंच वाटलं.

तीस झाली. एकतिसावं हातात घेतलं, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"अहो, रागावू नका बरं का! जेवलो आणि डोळा लागला. सुरू केलंत वाटतं एकट्यानंच?"

कंपाउंडर दारात उभे होते. उशीची घडी गालावर उमटलेली.

३

मी त्यांच्याकडं बघितलं. मग होडीकडं.

"तुम्ही आत्ता आलात?"

"हा काय, अजून उंबरा ओलांडला नाही. चेहरा का असा झालाय? बसा बघू. नाडी बघू द्या."

"मग इतका वेळ..." म्हणालो आणि थांबलो. बाकावर लोखंडी ठोकळा होता. मी सकाळी तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवला होता तसाच, गाठसुद्धा न सोडलेला.

"किती राहिलीत?" कंपाउंडरांनी बाह्या सरसावल्या.

"एक."

"एकच? मग मारून टाकू की." आणि ते होडीखाली शिरायला वाकले.

मी त्यांचा दंड धरला. एवढा जोरात की ते ओरडले. "नको," मी म्हणालो. "आज राहू द्या. हात थकले."

"अहो, तुमचा हात थकलाय का माझा मोडलाय?" दंड चोळत ते म्हणाले. "म्हातारपणी ताकद वाढायला लागली तुमची. औषध कुठलं घेता, मलाही लिहून द्या."

ते गेले. पाठमोरे झाल्यावरही बडबडत होते. मी शेडमध्ये एकटा राहिलो. एकटाच, असं तेव्हा धरून चाललो.

४

आधी मी मनाशी हिशेब मांडला. काम एकट्यानं केलं असणार. हाताला सवय आहे, कानाला सवय आहे, टकटक मनातच वाजली असेल. पण मग आतून न धरता तीस रिबिटं बसली कशी? मी एकाला अंगठ्यानं दाबून पाहिलं. दगडासारखं पक्कं.

मग दुसरं काहीतरी मनात आलं, आणि सांगायला लाज वाटते, पण मला भीती वाटली नाही. आनंद झाला. मी होडीजवळ गेलो, पत्र्यावर तळवा ठेवला आणि हळूच म्हणालो, "तूच का गं?"

काही नाही. बाहेर दोरीवरचे कपडे तसेच लोंबत होते.

प्रत्येक धरणाऱ्याची एक खूण राहते. कंपाउंडरांनी धरलेली रिबिटं एका अंगाला जास्त चेपतात. हिची डावीकडं किंचित कललेली असायची, कारण ती डावखुरी. मी जुन्या टाक्या बघितल्या तर अजून सांगतो, हे तिनं धरलेलं. म्हटलं, बघू या.

आत शिरायचं धैर्य झालं नाही. दाढीचा आरसा आणला, बॅटरी घेतली, आणि काठाखालून आरसा आत सरकवला.

रिबिटांच्या शेपट्या चेपलेल्या होत्या. कुठंही कललेल्या नव्हत्या. मधे जरा खोलगट, वाटीच्या तळासारख्या. लोखंडाचा ठोकळा सपाट असतो, त्यानं खोलगट होत नाही. मी बॅटरी जवळ नेली. वाटीत बारीक रेघा होत्या. गोल गोल, एकात एक.

माझं शिक्षण नाही. लग्नानंतर कितीतरी वर्षं सही येत नव्हती, तेव्हा मी कागदावर काय उमटवायचो ते मला चांगलं ठाऊक आहे. तो अंगठ्याचा ठसा होता. ॲल्युमिनियममध्ये. मऊ मेणात दाबावा तसा.

आणि तो तिचा नव्हता. तिचा अंगठा रुंद होता, कामाचा. हा एवढासा. माझ्या करंगळीचं टोकसुद्धा त्या वाटीत मावलं नसतं.

मी आरसा पुढं सरकवला. म्हटलं, आपण केलेली संपली, आता पुढं जुनी येतील, कारखान्यातली. जुनी आली. काळी पडलेली, कडेला पांढरी बुरशी धरलेली. त्यातल्या एकात ठसा होता. मग दोन सोडून एकात. मग टोकापर्यंत ओळीनं.

आरसा बाहेर काढला तेव्हा त्यावर वाफ धरली होती. मी सदऱ्यानं पुसली. हवा पडली होती त्या दिवशी, दमट होतं. तसंही असू शकतं.

५

रात्रभर एकच गोष्ट डोक्यात होती. सांगायचं का नाही.

गेल्या वर्षी मी गॅसची शेगडी चालू ठेवून शेडमध्ये गेलो होतो. भांडं जळालं, बाकी काही झालं नाही, पण लेक रडली होती. म्हणाली, "बाबा, पुन्हा असं काही झालं तर मी शेड बंद करणार आणि तुम्हाला माझ्याकडं नेणार." ती वाईट बोलली नाही. तिच्या दोन खोल्यांत माझ्यासाठी जागा करायला ती तयार आहे, यातच सगळं आलं. पण तिथं मी दिवसभर काय करू? खिडकीत बसू?

म्हणजे सांगितलं तर शेड गेली. नाही सांगितलं तर सोमवारी सकाळी माझी पोर त्या होडीत बसून, जिथं तळ लागत नाही तिथं एकटी जाणार.

असं मांडलं की उत्तर सोपं होतं. झोप तरीही आली नाही.

ती रविवारी दहाला आली. होडीला फेरी मारली, काठावरून हात फिरवला. "वा! ओळखू येत नाही हो."

"ही नेऊ नकोस," मी म्हणालो.

"का? काय राहिलंय?"

मी सांगितलं. सगळं, आत्ता तुम्हाला सांगितलं तसंच. ऐकता ऐकता तिचा चेहरा हळूहळू असा झाला, जसा मी आजारी पडल्यावर होतो. मग ती माझ्यासमोर बसली.

"बाबा, औषधं घेताय ना वेळेवर?"

"आरसा घे. तूच बघ."

"आरसा नको. एक राहिलंय म्हणता ना? मी धरते. तुम्ही ठोका. बसलं की तुमचं तुम्हालाच कळेल." आणि फडक्याची गाठ सोडून तिनं ठोकळा उचलला.

"पोरी, नको."

"आईबरोबर मी पण बसायचे की टाकीत. आठवतं? मला तेव्हा भीती वाटायची आणि तुम्ही हसायचात."

ती होडीखाली शिरली. मी तिला ओढून काढायला हवी होती. पण मनातला एक कोपरा म्हणत होता, ती बरोबर असेल तर? ती बरोबर असावी असं मला फार वाटत होतं.

६

तिच्या चपला बाहेर राहिल्या होत्या. स्टूल करकरलं.

"गार आहे हो इथं," ती आतून म्हणाली. "आणि काळोख. कुठं आहे ते भोक? हां, लागलं हाताला."

मी रिबिट घातलं. हातोडा उचलला. तोंडातून शब्द गेला, चाळीस वर्षांची सवय, तो गेलाच. "धर."

टक.

"तू वाजवलंस?"

"मग कोण? मारा."

मी मारला. एक. दोन. डोकं खाली गेलं.

"थांबा, थांबा," ती म्हणाली. "तुम्ही हात काढा ना आतून."

"काय?"

"तुमचा हात. माझ्या हातावर कशाला ठेवलाय? मी धरलंय नीट. काढा, मला हलवता येत नाहीये."

माझ्या उजव्या हातात हातोडा होता. डावा हात पत्र्यावर, माझ्या डोळ्यांसमोर. मी दोन्हींकडं बघितलं. मोजले म्हणा ना.

"बाबा?" तिचा आवाज जरा बदलला. "ऐकताय ना? काढा हात."

तेव्हा मला कळलं मी काल काय केलं होतं. तीस वेळा "धर" म्हणालो होतो. कंपाउंडर दारात आले, बोलण्यात बोलणं निघालं, आणि काम संपल्यावर म्हणायचं ते मी म्हटलंच नाही. आत जे कोण होतं ते काल दुपारपासून धरून बसलं होतं.

"सोड!" मी ओरडलो. असा मी आयुष्यात ओरडलो नव्हतो. "सोड! सोड!"

आत ठोकळा जमिनीवर आदळला. ती रांगत बाहेर आली, केस कपाळाला चिकटलेले. "काय झालं? केवढ्यानं ओरडलात! मला वाटलं तुमच्या बोटावर बसला."

मी उत्तर देणार, तेवढ्यात होडीखाली आवाज सुरू झाला. टप. टप. मग टपटप टपटप, झाडाला हलवल्यावर पिकलेली फळं पडावीत तसा. आम्ही दोघं उभे राहून ऐकत होतो. आवाज थांबल्यावर तिनं काठ धरून होडी उलटवली.

खाली जमिनीवर रिबिटं पडली होती. तिनं मोजली नाहीत, मी मोजली. एकतीस. सगळी सरळ. शेपट्या लांब, गोल, चकचकीत, डबीतून नुकतीच काढल्यासारखी. कुणीच कधी चेपली नव्हती. जुन्या रिबिटांवर मी बॅटरी फिरवली. काळी, सपाट. ठसा कुठंच नाही.

लेकीनं एक रिबिट तळहातावर घेतलं आणि उलटसुलट करून बघितलं.

"बाबा," ती फार मऊ आवाजात म्हणाली, "तुम्ही ही नुसती भोकांत घातली होती."

मी म्हणालो, "असेल."

७

त्या दिवसासारखं हलकं मला पुष्कळ वर्षांत वाटलं नव्हतं. एकतीस भोकं असलेली होडी कुणी पाण्यात घालत नाही. ती म्हणाली, सोमवारचं काम पुढं ढकलते, खात्याकडून दुसरी होडी मागते. मग म्हणाली, "शेडची किल्ली माझ्याजवळ राहू दे." मी खिशातून काढून दिली. ती रडेल असं वाटलं, पण तीही दमली होती. मी चहा केला, शेगडी तिच्यासमोर बंद करून दाखवली. ती जरा हसली. उजव्या हातात कप घेऊन उभ्याउभ्याच प्यायली. डाव्या हाताला मुंग्या आल्यात म्हणाली, फार वेळ अवघडून धरलं होतं ना.

"चोळून देऊ?"

"नको, राहू दे," ती म्हणाली, आणि हात जरा मागं घेतला.

डॉक्टरांची वेळ घेते, पुढच्या रविवारी तुम्हाला न्यायला येते, असं सांगून ती निघाली. मी आतूनच बरं म्हणालो. फाटकापर्यंत गेलो नाही, कप विसळायला घेतले. गाडी सुरू झाल्याचा आवाज ऐकला आणि मनात म्हटलं, जाऊ दे शेड. पोर कोरडी घरी गेली.

थोड्या वेळानं कंपाउंडर कुंपणाशी आले. दंडाला त्यांनी बाम चोळला होता, मला वास आला. शिव्या ऐकायची तयारी ठेवून मी बाहेर गेलो. पण ते रस्त्याकडंच बघत होते, गाडी गेली त्या दिशेला.

"लेकीच्या हाताला काही लागलंय का हो तुमच्या?" ते म्हणाले. "मी हाक मारली, थांबली नाही. एका हातानं चालवत होती गाडी. दुसरा हात असा बाजूच्या सीटकडं, जरा खाली, मूठ अर्धी मिटलेली. म्हटलं, रस्ता ओलांडताना आपण एखाद्या लहान पोराचा हात धरतो ना, अगदी तसा."